दाराजवळ न बसणारे गुरुजी

नव्याकोऱ्या शाळेला दार नव्हतं.

मी मोटारसायकल स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि पुन्हा पाहिलं. चौकट होती, बिजागऱ्यांच्या जागा होत्या, दार मात्र गायब. तीनच महिन्यांपूर्वी मी इथं उभा राहून ही खोली ताब्यात दिली होती. कडी दोनदा लावून-काढून पाहिली होती आणि कागदावर ऐटीत सही ठोकली होती. सरकारी शाळाखोल्या बांधून घेणारा इंजिनिअर म्हणून मी नळ चोरीला गेलेले पाहिलेत, पंख्याची पाती वाकवलेली पाहिलीत, एकदा तर अख्खी पाण्याची टाकी गेलेली पाहिली आहे. पण भर दिवसा, शाळा भरलेली असताना, दार नाहीसं झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

खोलीत पहिली ते चौथीची अठ्ठावीस मुलं होती. दारापासून सगळ्यात लांब, पार मागच्या कोपऱ्यात एक टेबल होतं आणि टेबलाशी एक सडपातळ, सावळे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. हातात बांबूची काठी. हेच रावजी गुरुजी.

"गुरुजी, दार कुठाय?" मी नमस्काराच्या आधीच विचारलं.

"पोरं बसलीत ना त्याच्यावर," गुरुजी म्हणाले.

खरंच बसली होती. दाराच्या दोन्ही फळ्या विटांवर आडव्या ठेवल्या होत्या आणि त्यावर पहिलीची पोरं पाय हलवत रांगेत बसली होती. माझ्या सहीची कडी एका पोराच्या मांडीखाली होती. तो ती बोटानं खटखट वाजवत होता.

पाड्याचं नाव मी लिहीत नाही. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर कोणीतरी जुनी फाईल काढेल आणि नसती भानगड उभी राहील. गुरुजी स्वतः तिथलेच, शेजारच्या पाड्यावरचे. घरी भात आणि नागलीची थोडी शेती. शाळेत पुस्तकी मराठी, पोरांशी पाड्याची बोली आणि बाजारात गुजराती, हे सगळं ते दिवसभर बदलत राहत. माझ्याशी मात्र डहाणूकडची साधी मराठी बोलत, म्हणजे मला समजेल असं.

त्यांच्या काठीबद्दल आधी सांगायला हवं. ऑफिसात त्यांचं नाव 'काठीवाले गुरुजी' असं पडलं होतं आणि मी गृहीत धरलं होतं की हा मारकुटा मास्तर असणार. त्या काठीनं त्यांनी कोणाला साधं टोचलंही नव्हतं. तिच्यावर कोयत्यानं कोरलेल्या खुणा होत्या. दरवर्षी पहिलीत जे सगळ्यात बुटकं पोर यायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला एक खूण, त्याचा हात वर पोचेल तिथं दुसरी. एवढंच त्यांचं मोजमाप. ही काठी घेऊन ते सगळीकडे फिरत. नळाला लावत, फळ्याला लावत, संडासाच्या कडीला लावत. तलासरीच्या बाजारात चहावाल्याच्या काउंटरला काठी लावून "ह्याच्यापुढं पोराला काय दिसणार? तुझं पोट," असं त्याला सांगताना मी स्वतः ऐकलंय. चहावाला चिडला, पण पुढच्या वेळी तिथं लहान मुलांसाठी एक खोकं उपडं घालून ठेवलेलं होतं.

त्या पहिल्या दिवशी मी भडकलेला होतो. सरकारी मालमत्ता, जबाबदारी, चौकशी, असे जे जे शब्द आम्हाला पाठ असतात ते सगळे मी घडाघडा म्हटले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, खाली बसता?"

"कुठं?"

"इथं. पोरांत."

इस्त्रीची पँट घालून मी फरशीवर बसलो. का बसलो, आजही सांगता येत नाही. त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, पण नाही म्हणायची सोयही नव्हती.

"काय दिसतं?"

"भिंत," मी म्हणालो.

"डावीकडं?"

"भिंत."

"खिडकी हाय ना तिथं. तुमीच केली."

खिडकी होती. चांगली रुंद, हवेशीर, नियमाप्रमाणे तीन फुटांवर कट्टा. खाली बसल्यावर तिच्यातून पांढऱ्या आभाळाचा एक तुकडा दिसत होता, बाकी काही नाही. बाहेर भाताची खाचरं होती, पलीकडे डोंगर होता, शाळेसमोर मोहाचं मोठं झाड होतं. त्यातलं काहीही त्या मुलांना दिसत नव्हतं. वर्षांमागून वर्षं मी शाळा बांधत होतो. एकाही शाळेत मी खाली बसलो नव्हतो. मला अक्षरशः चपराक बसल्यासारखं झालं आणि रागही आला, कारण चपराक मारणारा माणूस हसतसुद्धा नव्हता.

"आमच्या घरी कुडाच्या भिंती," गुरुजी म्हणाले. "फटीतून उजेड येतो, कोण आलं-गेलं दिसतं. कूड पडला तर पोर झटकून उभं राहतं. इथं वरती स्लॅब. जमीन हलली की पोर वर बघतं, मग बाहेर बघायला जातं, तर बाहेर दिसतच नाय. मग ते दारावर धावतं."

आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात काही वर्षांपासून जमीन अधूनमधून हलते. मोठ्यांना सवय झाली आहे. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, माणसं बाहेर येऊन दोन मिनिटं उभी राहतात आणि परत आत जातात. मुलांना सवय झाली आहे असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

त्याच दिवशी मला जयू दिसली. दुसरीतली पोरगी, दोन वेण्या, डोळे मोठे. ती उंबऱ्यावर बसली होती, एक पाय आत आणि एक बाहेर. मांडीवर पाटी. मला वाटलं शिक्षा केली असेल.

"शिक्षा नाय. ती आत येत नाय," गुरुजी म्हणाले. "तिच्या मनानं येईल."

त्यांनी तिच्यासाठी केलं होतं ते एवढंच की तिला खडू दिला होता. जयू जिथं बसेल तिथं फरशीवर एक रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी वाटलं तर रेघेच्या पुढं बसायचं, नाही वाटलं तर मागं. गुरुजी त्या रेघा पुसू देत नसत. मी पाहिलं तेव्हा उंबऱ्यापासून आत चार बोटांवर एकच रेघ होती आणि शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. चार बोटं! मी मनात म्हटलं, ह्या हिशेबानं ही पोरगी लग्न होईपर्यंत फळ्यापर्यंत पोचायची नाही.

मी ऑफिसात परत आलो आणि नोटीस काढली. आठ दिवसांत दार पूर्ववत बसवा, अन्यथा कारवाई. आता सांगताना लाज वाटते. पण तेव्हा मला तो माणूस कळत नव्हता, आणि न कळणाऱ्या माणसाला आम्ही आधी नोटीस देतो.

गुरुजींची आणखी एक तऱ्हा होती. ते कुठंही दाराजवळ बसत नसत. महामार्गावर शेअर जीपमध्ये ते वाकून पार आतल्या कोपऱ्यात शिरत आणि विवळवेढ्याला उतरायचं असलं तरी बाकी सगळे उतरल्याशिवाय हलत नसत. ड्रायव्हर हॉर्न वाजवे, मागच्या गाड्या बोंबलत, गुरुजी मात्र "उतरा, उतरा, तुमी आधी," करत बसलेले. एकदा एक म्हातारी त्यांच्यावरच उखडली, "मी नाय उतरत, माझं गाव पुढं हाय!" तेव्हा कुठं ते उतरले. हा किस्सा ऑफिसात तिखटमीठ लावून सांगितला जायचा. हसणाऱ्यांत मीही होतो.

नोटीस मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही दाराला पाठ करून. गुरुजी त्यांच्याकडे न बघता आत गेले आणि कपाटाच्या पलीकडे, जिथं जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले असतात, तिथल्या स्टुलावर बसले. मला त्यांच्याशी बोलायला मान वळवावी लागत होती.

"गुरुजी, इथं बसा ना. तिकडं काय चोरासारखं?"

"साहेब, चोरच हाय मी," ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. त्यात माझं एक अक्षर घालायची माझी हिंमत नाही.

"आधी मी दुसऱ्या शाळेत होतो. एकच खोली, तुमच्या नकाशाचीच. माझं टेबल दाराशी. वारा यायचा म्हणून. दुपारची वेळ, खिचडीच्या आधीची. पाढे चालले होते. जमीन हलली. मी नंतर लय आठवून बघितलं. उठलो कधी, टेबल ओलांडलं कधी, काय आठवत नाय. आठवतं ते एकदम बाहेरचं. मी उन्हात उभा, एका पायात चप्पल. आणि पोरं आत."

मी पेन खाली ठेवलं.

"दार आत उघडणारं. पोरं एकदम धावली. उघड्या दाराच्या फळीमागं बसलेली उठली, त्यांच्या धक्क्यानं दार मिटलं. पुढची दारावर दाबली गेली, मागची त्यांच्या पाठीवर. मी बाहेरून ढकलतोय, ती आतून ढकलतात. उघडायचं दोघांना होतं, साहेब. दोघांनी मिळून आमी ते बंद धरून ठेवलं. आतून हाका येत होत्या. गुरजी, गुरजी. मी इथंच हाय बोलत होतो. इथंच म्हणजे बाहेर."

"कोणाला काही...?"

"एका पोराचा हात मोडला. बसला नंतर नीट."

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "अहो गुरुजी, असं मनाला लावून घेऊ नका. कोणीही पळालं असतं."

"तेच सगळे बोलले. पुढचं ऐका. तीन-चार दिवसांनी शाळा भरली. मी गेलो तर खोलीत टेबल नाय. बघतो तर पोरांनी उचलून बाहेर ओटीवर ठेवलेलं. खुर्ची पण. वर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. मोडका हात गळ्यात बांधलेलं ते पोर पण तिथंच उभं. चौथीतली एक पोरगी बोलली, गुरजी, तुमी बाहेर बसा. तुमाला भ्या वाटतं ना. आमी आत बसतो."

मी माझी खुर्ची त्यांच्या स्टुलाकडे वळवली.

"रागानं नाय केलं त्यांनी. रागानं केलं असतं तर बरं झालं असतं. मायेनं केलं. त्या दिवशी मी बाहेर बसूनच शिकवलं, साहेब. पोरं आत, मी बाहेर. दिवसभर."

मग ते उठले. पिशवीतून नोटीस काढून त्यांनी टेबलावर नीट ठेवली, तिच्यावर माझाच पेपरवेट ठेवला. "दार बसवतो मी. पण बाहेर उघडेल असं बसवतो. आत उघडणारं बसवायचं असेल तर तुमी या आणि रोज माझ्या जागी बसा."

मला एका हट्टी मास्तराची अपेक्षा होती. समोर आला तो असा माणूस, ज्याला मुलांनी माफ करून टाकलं होतं आणि ते त्याला सोसलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी तो नकाशा उघडला. असंख्य वेळा पाहिलेला नकाशा. दाराजवळ एक पाव वर्तुळ काढलेलं असतं, दार कुठं उघडतं ते दाखवणारं. ते आतल्या बाजूला होतं. मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

ठेकेदार जिग्नेशभाईंना बोलावलं. दार बाहेर उघडायला हवं म्हटल्यावर ते हसू लागले. "साहेब, तबेल्याला लावतात तसं?" मी म्हटलं, तसंच. दुसरं दार कुठं काढायचं हा खरा प्रश्न होता, कारण अशा मुलखात उभी भिंत वाटेल तिथं फोडून चालत नाही. मग लक्षात आलं, दुसऱ्या टोकाच्या खिडकीवर सिमेंटची तुळई आहेच. फक्त खिडकीखालची भिंत काढली की दार तयार. गुरुजींनी आपलं टेबल त्या दारापासूनही लांबच्या कोपऱ्यात सरकवलं. बाकीच्या खिडक्यांचे कट्टेही गुरुजींच्या काठीच्या खुणेपर्यंत उतरवले. चपला दारासमोर काढायच्या नाहीत, बाजूच्या भिंतीला एका ओळीत ठेवायच्या, हे गुरुजींनी घालून दिलं. पळताना पोरं चपलांवर अडखळतात, हे कुठल्याही नकाशात नव्हतं. हे सगळं मंजुरीशिवाय कसं बसवलं ते विचारू नका. कागदोपत्री ती अजूनही किरकोळ दुरुस्ती आहे.

काम झाल्यावर गुरुजींनी मुलांची तालीम सुरू केली. जमीन हलली की धावायचं नाही. आहे तिथं बसायचं, दप्तर डोक्यावर, दोन्ही हात मानेवर. हलायचं थांबलं की गुरुजी टाळी वाजवणार. टाळी झाली की पुढची पुढच्या दारानं, मागची मागच्या दारानं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. सगळ्यात शेवटी गुरुजी.

त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा मी मुद्दाम शाळा पाहायला गेलो. खरं सांगायचं तर मिरवायला गेलो होतो. तोवर मी आणखी तीन शाळांची दारं बदलली होती आणि ते गुरुजींना सांगायचं होतं. दोन्ही दारं उघडी होती, खोलीत वारा खेळत होता. मुलं खिडकीतून मोहाकडे बघत बघत पाढे म्हणत होती. फरशीवर खडूच्या रेघा उंबऱ्यापासून आत आत गेल्या होत्या, कुठं दोन बोटांच्या अंतरानं, कुठं एकदम हातभर. शेवटची रेघ खोलीच्या मधोमध होती आणि तिच्यापुढं जयू बसली होती. आता ती तिसरीत होती.

"कसली छान इमारत झाली, गुरुजी," मी म्हणालो. पाहुण्यांची खुर्ची दाराशी होती, मी तिच्यात ऐसपैस बसलो. "भूकंपाच्या बापाला घाबरायला नको."

चहा अजून आला नव्हता. आधी खिडकीचं लोखंड किणकिणलं, मग पायाखालून काहीतरी जड सरकत गेल्यासारखं वाटलं.

पुढचं आठवतं ते मोहाच्या झाडाखालचं. मी उन्हात उभा होतो. एक हात झाडाच्या खोडावर होता. शाळा माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर होती.

आत सगळं शांत होतं. उतरवलेल्या कट्ट्यावरून मला दिसत होतं: अठ्ठावीस दप्तरं डोक्यावर धरून अठ्ठावीस मुलं खाली बसली होती. पार मागं गुरुजी उभे होते, भिंतीला टेकून, डोळे छताकडे. मला वाटतं त्यांचे ओठ हलत होते. मग एकच टाळी वाजली. दोन्ही दारांतून दोन रांगा बाहेर आल्या. कोणी रडत नव्हतं. मागच्या रांगेच्या शेवटी गुरुजी होते, काखेत हजेरीपट आणि हातात काठी.

मुलं झाडाखाली येऊन बसली. जयूनं माझ्याकडे वर मान करून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं.

"गुरजी," ती म्हणाली, "सायेब टालीच्या आधीच पलाले."

दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मीच बांधलेली खोली. तिच्या तुळया मी मोजलेल्या, तिचं सिमेंट माझ्या डोळ्यांदेखत कालवलेलं. आणि तिच्यातून बाहेर पडणारा पहिला माणूस मी होतो. कपाटाच्या पलीकडच्या स्टुलावर बसलेला तो माणूस मला आठवला. कोणीही पळालं असतं, असं मी त्याला किती सहज सांगितलं होतं!

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मोजायला सुरुवात केली. प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवून ते मोजत. एक, दोन, तीन. जयूच्या डोक्यावर हात ठेवून सतरा म्हणाले. शेवटच्या पोराच्या डोक्यावर अठ्ठावीस म्हणाले. मग माझ्यापाशी आले, थांबले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एकोणतीस," ते म्हणाले. "सगळे हायत."

मला रडू आलं. मुलांदेखत आलं. आता लपवून काय करायचं.

गुरुजी एकटे आत जाऊन आले. काठीनं भिंती ठोकून पाहिल्या, छताचे कोपरे पाहिले, आणि दारात येऊन हात हलवला. मुलं रांगेनं आत गेली. मी हललो नाही. जयू परत आली, तिनं माझं बोट धरलं आणि मला उंबऱ्यापर्यंत नेलं. तिथं ती थांबली आणि खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

त्या महिन्याअखेर गुरुजी निवृत्त झाले. माझीही बदली झाली. पुन्हा भेट झाली नाही, म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन ते त्या दिवसाचंच. मी उंबऱ्यावर बसलो होतो, एक पाय आत आणि एक बाहेर. पाढे पुन्हा सुरू झाले होते. खोलीच्या त्या टोकाला, अठ्ठावीस मुलांच्या पलीकडे, टेबलाशी गुरुजी उभे होते. तिथून ते फार लांब दिसत होते.